पाळीच्या कळा आणि गोळीची वेळ

मासिक पाळीतील वेदनांवर औषध घ्यावे का, कोणते घ्यावे आणि केव्हा घ्यावे, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली उत्तरे या अंकात देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. औषधांची मात्रा सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीसाठी सांगितलेली आहे. ज्यांना दुसरा आजार आहे किंवा दुसरी औषधे चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. तिला तेराव्या वर्षी पाळी आली आणि पहिले वर्ष काहीही त्रास झाला नाही. आता मात्र पहिल्या दिवशी ओटीपोटात इतक्या कळा येतात की तिला शाळेतून घरी पाठवतात. कंबर धरते, मांड्या ओढल्यासारख्या होतात, एक-दोनदा उलटी होते आणि कधी जुलाबही होतात. मी गोळी काढली की सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला गोळ्यांची सवय लावू नकोस, पुढे मूल होताना नडेल. आम्ही कुठे गोळ्या घेत होतो?" त्या तिला ओवा आणि गूळ देतात. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. मी काय करावे? — एक आई, कांदिवली

उत्तर : तुम्ही दिलेला एक तपशील फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे पहिले वर्ष त्रास न होता गेले आणि त्यानंतर वेदना सुरू झाल्या. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक मुलींमध्ये दर महिन्याला बीज बाहेर पडत नाही. ते पडू लागले की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने पुरेशा प्रमाणात तयार होऊ लागतात आणि अस्तर सुटताना ती मोकळी होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, त्या क्षणी स्नायूंना होणारा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. हीच रसायने आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून उलटी आणि जुलाब होतात. मुलीने शाळेच्या डब्यात काय खाल्ले याचा शोध घेण्याची गरज नाही. वेदना स्राव सुरू होण्याच्या थोडे आधी किंवा त्याच्याबरोबर सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ओसरत असतील, आणि अधल्यामधल्या दिवसांत मुलगी ठणठणीत असेल, तर गर्भाशयात काही दोष असण्याची शक्यता कमी असते.

पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा घटक असतो, असे पिकल्स या ब्रिटिश संशोधकाने १९५७ मध्ये दाखवले. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी त्यांना व दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, सासूबाईंच्या तरुणपणी ही माहिती घरोघरी पोहोचलेली नव्हती. दुखणे अंगावर काढणे हाच तेव्हा बहुतेकींपुढचा मार्ग होता आणि तो त्यांनी काढला. त्यांच्या बोलण्यात नातीविषयीची काळजीच आहे, हे मला समजते. परंतु त्यांच्या दोन्ही शंकांना आधार नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे पाळीच्या दोन-तीन दिवसांत घेतल्याने त्यांची सवय लागत नाही, म्हणजे शरीर ती मागू लागत नाही. तशी घेतल्याने पुढे मूल होण्यात अडचण येते, असेही दिसून आलेले नाही. मूल हवे असलेल्या स्त्रियांना आम्ही एवढेच सांगतो की, महिन्याच्या मधल्या काळात, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास, ही औषधे सलग घेऊ नयेत, कारण त्यामुळे त्या महिन्यापुरते बीज बाहेर पडणे लांबू शकते. पाळीच्या दिवसांत हा प्रश्न येत नाही.

आता वेळेविषयी, कारण बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. मुलगी सकाळी कळवळू लागते, आई दहा वाजेपर्यंत वाट पाहते, मग ओवा, मग शेकायची पिशवी आणि हे सगळे करूनही ती रडू लागली की दुपारी गोळी. ही औषधे नवीन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, पण जे आधीच तयार होऊन बाहेर पडले आहे त्याचे ती काहीच करू शकत नाहीत. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला तर पुढचे दूध वाचते, ओट्यावर सांडलेले परत पातेल्यात जात नाही, तसे हे आहे. म्हणून पहिला डाग दिसताच किंवा ओटीपोट जड वाटू लागताच पहिली गोळी घ्यावी. पाळी अगदी नियमित असेल तर आदल्या दिवशी सुरू करण्यासही हरकत नाही. पंधरा वर्षांच्या, वयाच्या मानाने वजन ठीक असलेल्या मुलीला आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, काहीतरी खाल्ल्यावर, पहिले एक ते दोन दिवस घड्याळ लावून देता येते. चोवीस तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. "दुखले तर घे" असे सांगितले की दुसरी गोळी पुन्हा उशिरा घेतली जाते. भरपूर पाणी प्यावे. घरातल्या डब्यात ॲस्पिरिन पडून असेल तर ते या वयात देऊ नये. निमेसुलाइडही नको, बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे आणि तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे असली तरी याहून सुरक्षित औषध हाताशी असताना त्याच्याकडे वळण्याचे कारण नाही.

सासूबाईंचा ओवा बंद करू नका. त्याने अपाय नाही आणि नातीला बरे वाटते. शेकाचे तर मी आवर्जून सांगेन: २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटाला सतत मंद ऊब दिल्याचा फायदा आयबुप्रोफेनच्या तोडीचा दिसला होता आणि दोन्ही एकत्र केल्यावर आराम लवकर पडला होता. आल्याच्या बाबतीतही काही चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत. मात्र परीक्षेच्या दिवशी ओव्यावर भिस्त ठेवू नये आणि त्या दिवशी कोणतीही गोळी आयुष्यात पहिल्यांदा देऊ नये. आधीच्या एक-दोन पाळ्यांत ती देऊन पाहावी, म्हणजे तिला ती मानवते का, पोटात जळजळते का, हे कळून येईल. वेळेवर आणि पूर्ण मात्रेत देऊनही सलग तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन या. साधारण पाचांपैकी एकीला या गटातील औषधांनी पुरेसा आराम मिळत नाही आणि तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि रोज विरारहून चर्चगेटला नोकरीसाठी जाते. पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीत उभे राहणे नको होते, पण सारखी गोळी घेऊ नये म्हणून मी होईल तितके सहन करते. अगदीच असह्य झाले की दुपारी मेफ्टाल-स्पास घेते. तासाभरात फरक पडला नाही तर कॉम्बिफ्लाम घेते आणि तरीही थांबले नाही तर संध्याकाळी घराजवळच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेते. त्यातच मेफ्टालबद्दल सरकारने इशारा दिल्याचे वाचले. ती गोळी घेणे बंद करावे का? — एक वाचक, विरार

उत्तर : आधी त्या एका दिवसात तुमच्या पोटात काय काय जाते ते पाहू. मेफ्टाल-स्पासच्या एका गोळीत २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन असते. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. संध्याकाळचे इंजेक्शन बहुधा डायक्लोफेनॅकचे असणार; पुढच्या वेळी नाव विचारून घ्या. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकाच गटातील औषधे आहेत. ती काही तासांच्या अंतराने एकावर एक घेतल्याने वेदनाशमन तिप्पट होत नाही, जठराच्या आवरणाला आणि मूत्रपिंडांना होणारा त्रास मात्र वाढतो. त्यातून त्या दिवशी तुम्ही नीट जेवलेल्या नसता आणि लोकलमध्ये व ऑफिसात स्वच्छतागृहाची पंचाईत म्हणून पाणीही कमी पीत असाल, असा माझा अंदाज आहे. मूत्रपिंडांच्या दृष्टीने हे आणखी वाईट. सुईने घेतलेले औषध गोळीपेक्षा जालीम असते हा समजही सोडून द्यावा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तेव्हा इंजेक्शनला अर्थ आहे. एरवी संध्याकाळपर्यंत कळा आपसूक ओसरू लागलेल्या असतात आणि श्रेय सुईला मिळते.

तुम्ही सहन करत बसता त्या काळातच औषधाची उपयोगाची वेळ निघून जाते. एकच औषध निवडा. मेफेनॅमिक ॲसिड घ्यायचे असल्यास ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, खाल्ल्यानंतर, स्राव सुरू होताच आणि दोन, फार तर तीन दिवस. पाळी पहाटे सुरू झाली तर घरातून निघण्यापूर्वी पोळी किंवा दूध-केळे खाऊन पहिली मात्रा घ्यावी. त्या दिवशी चतुर्थी किंवा सोमवार असेल तरी उपाशीपोटी ही गोळी घेऊ नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतली तरी चालेल. एवढ्याने भागले नाही तर जोडीला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घेता येते, कारण ते वेगळ्या पद्धतीने काम करते. पॅरासिटामॉलची सर्व मिळून दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा मात्र ओलांडू नये. स्पास या नावात अभिप्रेत असलेला घटक म्हणजे डायसायक्लोमिन. तो आतड्यांचा पीळ सैल करतो. गर्भाशयाच्या कळांवर त्याचा वेगळा असा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही आणि त्याने तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, गुंगी येते. सकाळच्या विरार गाडीत दाराशी उभ्या असलेल्या बाईला गुंगी परवडणारी नाही. म्हणून मी शक्यतो तो घटक नसलेली गोळी सुचवते.

आता इशाऱ्याविषयी. भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनॅमिक ॲसिडबाबत एक सूचना काढली होती. या औषधाने ड्रेस सिंड्रोम नावाची ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते, असे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींवरून आढळल्याने डॉक्टरांनी व रुग्णांनी त्याकडे लक्ष ठेवावे, असा तिचा आशय होता. औषधावर बंदी आलेली नव्हती. ही प्रतिक्रिया दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती औषध सुरू केल्यावर लगेच न दिसता साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते, त्यामुळे गोळीशी तिचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, मानेत किंवा काखेत गाठी आणि कावीळ अशी लक्षणे दिसली तर गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि रुग्णालयात जाऊन आपण कोणते औषध कधी घेतले ते सांगावे. वर्षानुवर्षे ही गोळी घेऊन तुम्हाला काही झालेले नसेल, तर घाबरून ती फेकून देण्याचे कारण नाही. पूर्वी एकदा जरी तिने पुरळ उठले असेल तर ती पुन्हा घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिड हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचे औषध आहे आणि पाकिटावर तसे छापलेलेही असते. आपल्याकडे मेडिकलवाला ते न विचारता काउंटरवर ठेवतो, ही गोष्ट निराळी.

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. पाळीत कोणती गोळी घ्यावी? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : दमा असलेल्या काही व्यक्तींना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसल वाढ असते त्यांना, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक ॲसिडने दम्याचा झटका येऊ शकतो. पूर्वी यांपैकी एखादी गोळी तुम्ही निर्धास्तपणे घेतली असेल तर ती पुढेही चालण्याचा संभव आहे, पण दम्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. तोवर पॅरासिटामॉल आणि शेक यांवर भागवावे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मुंबईकर वाचकांसाठी यात एक भर घालते. पावसाळ्यात अंगात ताप असताना पाळी आली, तर तो ताप डेंग्यूचा नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. डेंग्यूत रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुडघाभर पाण्यातून चालत गेल्यानंतर आलेला ताप लेप्टोचाही (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही) असू शकतो व त्यात मूत्रपिंडे आधीच संकटात असतात. अशा वेळी फक्त पॅरासिटामॉल.

प्रश्न : माझे वय छत्तीस असून नऊ वर्षांपूर्वी सिझेरियन होऊन मुलगा झाला. गेली तीन वर्षे पाळीतले दुखणे वाढतच चालले आहे. आता पाळी येण्याच्या चार-पाच दिवस आधीच कंबर आणि ओटीपोट दुखू लागते, अंगावरून जास्त जाते, गाठी पडतात आणि पतीपत्नीच्या संबंधाच्या वेळीही आत खोलवर दुखते. पूर्वी एका गोळीने थांबायचे, आता तीन घेऊनही थांबत नाही. दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी नॉर्मल होती. डॉक्टरांनी रोज घ्यायची हार्मोनची गोळी दिली आहे, पण औषधाच्या दुकानात सांगितले की ही कुटुंबनियोजनाची गोळी आहे, आणि माझ्या जाऊबाई म्हणतात की हार्मोनने कॅन्सर होतो. मी अजून सुरू केलेली नाही. — एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचे पत्र या सर्व पत्रांमध्ये मला सर्वांत तातडीचे वाटले. तरुणपणापासून असलेले आणि पहिल्या दोन दिवसांत संपणारे दुखणे वेगळे आणि तिशीनंतर सुरू होऊन दरवर्षी वाढत जाणारे, पाळीच्या आधीच हजेरी लावणारे, संबंधाच्या वेळी होणारे दुखणे वेगळे. तुमच्या बाबतीत गोळीची वेळ किंवा मात्रा सुधारून भागणार नाही. या वेदनेमागचे कारण शोधले पाहिजे. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर वाढतो. जगात प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ॲडिनोमायोसिसमध्ये तोच थर गर्भाशयाच्या स्नायूंत शिरतो, गर्भाशय जड होते, स्राव आणि वेदना दोन्ही वाढतात. तुमचे वय, झालेले बाळंतपण आणि अंगावरून जाण्याचे प्रमाण पाहता हा विचार आधी करावा लागेल. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, जुना जंतुसंसर्ग आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा जननमार्गाचा क्षयरोग, हीदेखील कारणे आहेत. तांबी बसवली असेल तर तेही सांगावे.

दोन वर्षांपूर्वीच्या नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबू नका. एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत, त्यामुळे अहवालात काही आढळले नाही म्हणजे वेदना मनाची, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी, गरज पडल्यास एमआरआय आणि त्याबरोबर हिमोग्लोबिन, कारण इतके रक्त गेल्यावर ते उतरलेले असण्याचीच शक्यता जास्त. स्राव कमी करण्यासाठी पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. ते रक्तस्रावाचे औषध आहे, वेदनेचे नाही, आणि ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांना ते चालत नाही.

रोजच्या हार्मोनच्या गोळीविषयी दुकानदाराने सांगितले ते अर्धे खरे असू शकते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य असलेली एकत्रित गोळी गर्भनिरोधक आहेच. सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी माला-एन याच प्रकारची. पण तिने अस्तर पातळ राहते, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात आणि वेदना व स्राव दोन्ही घटतात, म्हणून ती पाळीच्या दुखण्यावर अविवाहित मुलींनाही दिली जाते. तुम्हाला लिहून दिलेली गोळी डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम असेल, तर ती मुख्यतः एंडोमेट्रिओसिससाठीच वापरतात. रोज एक, ठरलेल्या वेळी, न चुकता. पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून डाग दिसतात आणि नंतर अनेकींची पाळी जवळजवळ थांबते. तीन महिन्यांच्या आत निकाल लावून ती सोडू नये. तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून मात्र भरवसा ठेवू नये. तिसरा पर्याय म्हणजे गर्भाशयात बसवायचे, हार्मोन हळूहळू सोडणारे साधन. ते किमान पाच वर्षे काम करते आणि ॲडिनोमायोसिसमध्ये त्याचा गुण चांगला येतो. रोज गोळी लक्षात ठेवणे ज्यांना जमत नाही त्यांना मी तेच सुचवते. यांनीही भागले नाही तर गर्भाशय-अंडाशयाचे चक्र काही महिने थांबवणारी इंजेक्शने आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पुढचे टप्पे आहेत. गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला कोणी पहिल्याच भेटीत दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

जाऊबाईंच्या भीतीला सरसकट खोटे म्हणता येणार नाही, पण तिची दुसरी बाजू त्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही. एकत्रित गोळी घेत असेपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा आणि दीर्घकाळ घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. याउलट अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका तिने कमी होतो आणि हा लाभ गोळी बंद केल्यावरही अनेक वर्षे टिकतो. छत्तीसाव्या वर्षी मला याहून अधिक काळजी वाटते ती रक्तदाब, धूम्रपान आणि डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून उठणारी अर्धशिशी यांची. यांपैकी काहीही असेल, किंवा पायाच्या शिरेत अथवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजलाच पाहिजे; तो मोजल्याशिवाय कोणी ही गोळी दिली असेल तर परत जाऊन मोजून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे गावी पाच दिवसांचा गणपती असतो. सासरी पाळीची अडचण चालत नाही, म्हणून दरवर्षी मी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. त्या बंद केल्यावर येणारी पाळी नेहमीपेक्षा जास्त दुखते. त्यावर दुखण्याची गोळी घेतलेली चालते का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : देवाला पाळीची अडचण नसते असे माझे मत आहे, परंतु घरात रोज कोणाशी वाद घालायचा हे तुम्हीच ठरवू शकता, म्हणून औषधापुरते बोलते. यासाठी दिली जाणारी गोळी नोरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम ही असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा ती घेतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. स्राव सुरू झाल्यावर ती सुरू करून उपयोग नाही, आणि या काळात ती गर्भनिरोधकाचे काम करते असेही समजू नये. हार्मोनचा आधार एकदम निघाल्यामुळे येणारी ही पाळी काहींना जड जाते. त्या वेळी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड वर सांगितलेल्या पद्धतीने घेता येते.

चाकरमान्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. या मात्रेत नोरेथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. गोळ्या चालू असताना मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर एसटीत पाय लोंबकळत ठेवून बसणे हे त्या धोक्यात भर घालणारे आहे. डेन्मार्कमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हार्मोनची गर्भनिरोधके आणि आयबुप्रोफेनच्या गटातील वेदनाशामके एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत गुठळ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले, जरी प्रत्यक्षात ते कमीच होते. म्हणून गाडी थांबेल तेथे उतरून चालावे, पाणी प्यावे आणि एका पोटरीत दुखून सूज आली किंवा धाप लागू लागली तर गणपती आटोपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, यकृताचा विकार आहे किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी या गोळ्यांना हातही लावू नये. मैत्रिणीकडून अर्धे पाकीट मागून घेण्याची प्रथा तर बंदच व्हावी.

प्रश्न : मी बावीस वर्षांची असून दादरला वसतिगृहात राहते. गोळीने मला पुरेसा आराम पडत नाही, पण लग्न झालेले नसल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा संकोच वाटतो. आतून तपासणी करतील का? आणि खर्च किती येईल? — एक वाचक, दादर

उत्तर : लैंगिक संबंध आलेले नसतील तर आतून तपासणी करण्याची साधारणपणे गरज नसते आणि तुमच्या संमतीशिवाय ती कोणी करू शकत नाही. सोनोग्राफी पोटावरून होते. त्यासाठी मूत्राशय भरलेले लागते, म्हणून तासभर आधी पाणी पिऊन जावे. संबंध आलेले असतील तर तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, कारण त्यावर तपासण्यांची दिशा ठरते आणि ते गुप्त राहते. पाळी चुकून मग एका बाजूला तीव्र दुखू लागले आणि चक्कर आली, तर ती पाळीची कळ समजून गोळी घेत बसू नये. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याचे ते लक्षण असू शकते आणि तासांचा खेळ असतो.

खर्चाची चिंता असल्यास परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचे कामा रुग्णालय यांच्या बाह्यरुग्ण विभागात अत्यल्प शुल्कात तपासणी होते. पहिल्या सल्ल्यासाठी महापालिकेचा जवळचा 'आपला दवाखाना'ही पुरतो. रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जा. जाताना मागील तीन पाळ्यांच्या तारखा, दुखणे केव्हा सुरू होऊन केव्हा थांबले, कोणती गोळी किती वाजता आणि किती मिलिग्रॅमची घेतली व तिने किती वेळात फरक पडला, एवढे एका कागदावर लिहून न्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत ठेवा. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येक रुग्णासाठी फार थोडी मिनिटे येतात, त्यामुळे प्रश्न तोंडी आठवत बसण्यापेक्षा हा कागद त्यांच्या हातात दिलेला बरा.